क्लेत्तविकचा दहावा सिगुर्दुर

२ मे, शुक्रवार

रक्तदाब १५५/९२. डॉक्टरीणबाईंनी ही वही रोजचा रक्तदाब लिहायला दिली आहे. वर म्हणाल्या, बाकीही काही लिहायचं असेल तर लिहा, मन हलकं होतं. माझं मन जड वगैरे नाही. पण आजचा प्रकार कुठेतरी ओकून टाकायला हवा, आणि माणसाला सांगण्यासारखा तो नाही.

आज पहाटे मी धक्क्यावरून पाण्यात पडलो.

पस्तीस वर्षं समुद्रावर काढली. ग्रीनलंडच्या बाजूला लाटा छपराएवढ्या उठायच्या, तेव्हा पडलो नाही. आज साडेपाचला, लख्ख उजेडात, पाणी ताटात ओतल्यासारखं निवांत असताना पडलो. कॉड माशाची पिल्लं दिसतात का ते पाहायला वाकलो तर टोपी पडली. टोपी काढायला वाकलो तर मी पडलो. लोखंडी शिडी होती म्हणून आज ही वही लिहितो आहे. वर आल्यावर आधी चारी बाजूंना नजर टाकली. चिटपाखरू नव्हतं.

आता घरी जायचं तर रस्ता पोहण्याच्या तलावावरून जातो, आणि तलाव उघडायच्या आधी अर्धा तास ऑर्गनवाला सिग्गी दारात टॉवेल घेऊन उभा असतो. चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो म्हणून ऑर्गनवाला. त्याने मला या अवस्थेत पाहिलं असतं तर माझ्या प्रेतयात्रेतही त्याने पाण्याचंच गाणं वाजवलं असतं. म्हणून धक्क्याजवळच्या माझ्या मुलीच्या घरात शिरलो. ब्रिनहिल्दुर आणि तिचा कारी गाढ झोपले होते. दोरीवरची कारीची सुकी पँट चढवली, मोजे घेतले. रेडिएटरवर होणाऱ्या बाळाची दुपटी आत्तापासून धुऊन वाळत घातली होती. मांजर माझ्यावर फिस्कारायला लागलं. "मी आहे, सिगुर्दुर," मी त्याला म्हटलं, "जागा आहे का इथे?" आणि दुपटी सरकवून माझा कोट टाकला. कालची उरलेली थंड कॉफी प्यायलो, कोट जरा निथळल्यावर उचलला आणि मागच्या वाटेने घरी आलो.

कुणालाही पत्ता नाही. मांजर बोलणार नाही.

३ मे, शनिवार

आज बिन्नाने (ब्रिनहिल्दुर हे नाव माझ्या हट्टाने ठेवलेलं, घरात बिन्नाच) कॉफीला बोलावलं आणि जे सांगितलं त्याने माझ्या अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही.

काल पहाटे तिच्या स्वप्नात एक माणूस आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, नखशिखान्त भिजलेला. चेहरा दिसला नाही, मागून उजेड होता. तो म्हणाला, "मी आहे, सिगुर्दुर. जागा आहे का इथे?"

याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळेल. गरोदर बाईच्या स्वप्नात गेलेला माणूस येतो आणि बाळासाठी आपलं नाव देऊ करतो. नाव मागायला आला, असं आम्ही म्हणतो. त्याला नाही म्हणायचं नसतं. कारी राजधानीतला, रेक्याविकचा शाळामास्तर, त्यामुळे तो आधी हसला. मग बिन्नाने त्याला फरशी दाखवली. दारापासून रेडिएटरपर्यंत पाणी सांडलेलं होतं. खारं पाणी, त्याने बोट लावून चाखलं. तेव्हापासून तो हसलेला नाही.

मी मनात मोजायला लागलो. आमच्या गावात बुडालेले सिगुर्दुर काय एक-दोन आहेत? पण हा कोण?

५ मे, सोमवार

१५८/९४. गावाची पंचायत भरते तलावाच्या गरम कुंडात. सकाळी सात वाजता गळ्यापर्यंत पाण्यात बसून माणसं एकमेकांची उणीदुणी काढतात. आज दुसरा विषयच नव्हता.

हे नाव म्हणजे आमच्या गावाला झालेला आजार आहे. एकशे नव्वद माणसांत नऊ सिगुर्दुर, सगळे सिग्गी. मूळचा सिगुर्दुर आमच्या जुन्या वीरगाथेतला, अजगर मारणारा वीर. आम्ही नऊ जणांनी मिळून आजवर एक उंदीर मारलेला नाही. ओळख पटावी म्हणून ऑर्गनवाला सिग्गी, दारू सोडलेला तो कोरडा सिग्गी, ज्याच्या बापाचंही हेच नाव तो दोनदा सिग्गी. मी दीपस्तंभ सिग्गी. अठरा वर्षं टोकावरचा दिवा सांभाळला म्हणून हे मानाचं नाव मिळालं. कारी पहिल्यांदा ते ऐकून म्हणाला होता, "हां, उजेड पाडतात म्हणून, दर दहा सेकंदांनी, नाही का?" आमचा दिवा पंधरा सेकंदांचा आहे. शहरातल्या माणसांना अशा गोष्टी कळत नाहीत.

मुद्दा असा की सिगुर्दुर नाव ठेवलं म्हणजे झालं नाही. कोणत्या सिगुर्दुरचं ठेवलं, हे महत्त्वाचं. ज्याच्या नावावरून पोराचं नाव ठेवतात, तो माणूस मेल्यावरही कुंडातल्या गप्पांत जिवंत राहतो. आणि जिवंत असेल तर दोघं एकमेकांना नाव न घेता 'नामबंधू' म्हणून हाक मारतात, हा मान वेगळाच. ऑर्गनवाल्याला दोन नामबंधू आहेत. कोरड्याला सुद्धा एक आहे, आणि त्याने तर आयुष्यातली तीस वर्षं काय केलं ते त्यालाच आठवत नाही. माझ्या नावाचं कुणी नाही. मुलगा नॉर्वेत असतो, त्याच्या पोरांची नावं ऑलिव्हर आणि नोआ. ऑलिव्हरमधला शेवटचा र तेवढा माझा.

बिन्नाच्या बाळावर माझी सगळी आशा होती, हे इथे लिहून टाकतो. डिसेंबरपासून मी सुचवतो आहे. माझं नाव घातलेला कॉफीचा पेला तिच्या घरी विसरून आलो, तीनदा. आणि आता हा कोण भिजलेला मधेच उपटला.

ऑर्गनवाला म्हणाला की तो नक्की त्याचा आजा, १९३१ साली बुडालेला. का, तर आजोबा फार सभ्य होते, जागा आहे का असं विचारूनच बसायचे. दोनदा सिग्गी म्हणाला की त्याचा चुलता. मग कुणीतरी हळूच म्हणालं, सोलवेगचा पोरगा पण होता की. त्यावर जो तो पाण्याचे बुडबुडे पाहायला लागला.

सोलवेग एक्क्याण्णव वर्षांची आहे. तिचा सिगुर्दुर १९७४च्या फेब्रुवारीत बोटीसकट गेला, एकोणीस वर्षांचा. काहीच सापडलं नाही, बूटसुद्धा नाही. तो माझ्याहून एका वर्षाने लहान. आम्ही एका बाकावर बसायचो.

९ मे, शुक्रवार

ऑर्गनवाल्याने बिन्नाकडे पाळणा पोचवला. त्याच्या आजोबांनी स्वतः बनवलेला म्हणे. दोनदा सिग्गीने धुरावलेली मेंढीची अख्खी तंगडी दिली. बिन्ना सगळ्यांचं गोड हसून ठेवून घेते. मी म्हटलं, असं सगळ्यांचं घेऊ नये, नंतर भांडणं होतील. ती म्हणाली, "बाबा, तुला काही सांगायचंय का मला?" मी म्हटलं, हेच सांगायचंय. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. गरोदरपणात बायकांची नजर अशी होते, गुद्रूनची पण व्हायची.

गुद्रून जाऊन चार वर्षं झाली. सिगुर्दुर, गुद्रून आणि ब्रिनहिल्दुर, ही तीन नावं एका घरात आली की काय होतं ते गाथेत लिहिलेलं आहे, म्हणून माझ्या आईने या नावाला कडाडून विरोध केला होता. आमच्याकडे कुणी कुणाचा खून केला नाही. भांडी घासण्यावरून मात्र बरंच झालं.

१४ मे, बुधवार

रक्तदाब मोजलेला नाही, मोजवत नाही.

कारीची पँट परत ठेवायला गेलो होतो. दोघं दवाखान्यात तपासणीला गेलेली. पँट दोरीवर टाकली, रेडिएटरवरची दुपटी पाहिली, मांजर पुन्हा फिस्कारलं आणि मी पुन्हा म्हटलं, "मी आहे, सिगुर्दुर." आणि माझाच आवाज माझ्या कानात शिरला.

मी दारात होतो. बिन्नाच्या खोलीचं दार समोर, उघडं. मागून उजेड.

मी खुर्चीवर बसलो. बारा दिवस मी या गावातल्या प्रत्येक बुडालेल्या माणसाचा हिशोब लावत होतो, कोण डावखुरा होता, कोण उंच होता, आणि तो भिजलेला बैल मीच. एवढी अक्कल मला बारा दिवसांनी यावी याची लाज वाटली. पण ती दोनच मिनिटं. मग जो आनंद झाला तो कसा लिहू. मीच. तिने मला पाहिलं, माझं नाव ऐकलं, स्वप्नात आलेलं नाव माझंच. उद्या कुंडात सगळ्यांसमोर सांगणार. पडलो ते पण सांगणार. हसू देत. आठवडाभर हसतील, महिनाभर हसतील, पण नामबंधू जन्मभर राहील.

भाषण तयार केलं आहे. सुरुवात अशी: "मित्रहो, जो समुद्रातून आला तो तुमच्यासमोर बसला आहे."

१५ मे, गुरुवार

सांगितलं नाही.

कुंडात गेलो तर सोलवेग बसली होती. ती तलावावर येत नाही, निदान मी तरी दहा वर्षांत पाहिली नव्हती. निळी टोपी घालून मधोमध बसलेली, आणि भोवती सगळे. कोरडा सिग्गी तिला विचारत होता की तिचा पोरगा उंच होता का, कारण बिन्नाच्या स्वप्नातला उंच वाटला. ती म्हणाली, उंच कसला, दाराच्या चौकटीवर खुणा करून मी मोजायचे आणि तो टाचा वर करायचा. मग तिने सांगितलं की तो शीळ कशी घालायचा. तिने ती घालून पण दाखवली. दात नाहीत, तरी सूर लागला. बँकेतली दोन तरुण पोरं, जी तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती, ती पण कान देऊन ऐकत होती.

मी म्हटलं, आज नको.

१६ मे

आज नको.

१७ मे, शनिवार

आजही नाही. सोलवेगने बाळासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, असं ऑर्गनवाल्याने जाहीर केलं. तो स्वतः आजोबांवरचा हक्क सोडायला तयार झाला आहे. आजोबांना पुरेसे नामबंधू आहेत, म्हणाला, तिच्या पोराला एकही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला पण नाही म्हणा, पण तू अजून मेलेला कुठे आहेस." सगळे हसले. मी उत्तर देणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. सोलवेग माझ्याकडेच पाहत होती.

आणखी एक अडचण सुचली आहे. जिवंत माणूस कधी नाव मागायला येत नाही. मी सांगितलं तर गावात काय अर्थ लावतील? की याचं काही खरं नाही, हा वर्षभरात जाणार. ऑर्गनवाला दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी तालीम सुरू करेल. रक्तदाब १६४/९६, म्हणजे त्याला कारणही मिळेल.

२० मे, मंगळवार

बिन्नाने कारीची ती तपकिरी पँट इस्त्री करून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तूच ठेव बाबा, तुला जास्त शोभते." दिलदार पोरगी. पण मी ती घातली होती हे तिला कुठून कळलं कुणास ठाऊक. कारीने सांगितलं असेल.

२८ मे, बुधवार

ठरवून गेलो. सोलवेगला एकटीला गाठायचं आणि सरळ सांगायचं की तो तुझा नव्हता, मी होतो, मला माफ कर. चार दिवस यावर विचार केला. खोट्यावर पोराचं नाव ठेवू नये, असं मी स्वतःला पटवलं. खरं कारण मला नाव हवं होतं. इथे तरी खोटं लिहीत नाही.

तिने पिळाचे गोड क्लेनूर तळले होते. दार उघडल्या उघडल्या माझ्या हातात लोकरीची लड दिली आणि मला समोर बसवून गुंडाळायला लागली. दोन्ही हात अडकल्यावर माणूस फारसं गंभीर बोलू शकत नाही. तिने विचारलं, "तुम्ही दोघं शाळेत काय करायचात रे? मला कधी कुणी सांगितलंच नाही."

मी म्हटलं, काही नाही, अभ्यास. ती म्हणाली, हो का.

मग मी सांगितलं. पाद्रीबुवांच्या परसातली रुबार्बची आंबट भाजी आम्ही चोरायचो, देठ पँटमध्ये लपवून, पानं बाहेर. एकदा पाद्रीबुवा समोर आले आणि तिच्या पोराने त्यांना पानं डोलवत वाकून नमस्कार केला. पाद्रीबुवांनी आशीर्वाद दिला. दुसऱ्या एका वेळी चर्चच्या छपरावर बसून आम्ही पहिली सिगारेट ओढली आणि तो इतका खोकला की खाली लग्न चालू होतं ते थांबलं. सोलवेग इतकी हसली की लोकरीचा गुंडा खाली पडला. हसता हसता डोळे पुसायला लागली, आणि मग पुसणं थांबेना. मी घाबरलो. ती म्हणाली, "थांबू नकोस. अजून सांग."

मी अजून सांगितलं. पाच वाजेपर्यंत बसलो. मला वाटत होतं मी हे सगळं विसरलो आहे. त्याचं हसणं, तो बाकावर चाकूने नाव कोरायचा ती अक्षरं, सगळं तिथे होतं. पन्नास वर्षं तिच्या घरासमोरून जाताना मी हवेचं बोलायचो, मासळीचं बोलायचो, आणि लगेच पाय उचलायचो. आपल्याला वाटतं आपण तिला जपतो आहोत.

घरी आलो. सांगितलं नाही, सांगणारही नाही. नाव त्याचं राहू दे. आज मला जेवण गेलं नाही, एवढी नोंद करतो.

१ जून, रविवार

आज दर्यावर्दींचा दिवस. स्मारकाशी पुष्पचक्र, बुडालेल्यांची नावं वाचणं, मग शर्यती आणि मासे सोलायची स्पर्धा. दरवर्षी सोलवेगच्या पोराचं नाव वाचलं की लोक तिच्यापासून दोन पावलं लांब सरकतात, नकळत. यंदा उलटं झालं. तिच्याभोवती गर्दी झाली. पाद्रीणबाई तिच्या शेजारी बसल्या, कोरड्याची नात तिच्या मांडीवर जाऊन बसली. ती बोलत होती, बोलत होती.

ऑर्गनवाल्याने मला विचारलं, तुझं बरं आहे ना, तू सकाळपासून कुणाला काही शिकवलं नाहीस.

२४ जून, मंगळवार

मुलगा. पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी. बिन्ना ठीक, कारी पांढरा पडला होता, त्याला बसवून साखरेचं पाणी दिलं. पोराचे कान माझे आहेत. हे मी म्हणत नाही, नर्स म्हणाली की कान कुणावर गेलेत, आणि माझ्याकडे पाहून गप्प बसली.

बारशापर्यंत नाव उच्चारायचं नसतं, म्हणून सध्या तो 'पोरगा'. मी त्याला कानात एकदाच हाक मारून पाहिली, नामबंधू म्हणून. कुणी नव्हतं खोलीत. त्याला कळलं नाही, झोपला होता. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. माझ्या हक्काचं नसलेलं काहीतरी मी घेतलं असं वाटलं.

२७ जुलै, रविवार

सगळं लिहायचं आहे, हळूहळू लिहितो.

चर्च भरलं होतं. नऊपैकी आठ सिगुर्दुर, नववा ऑर्गनवर. पोराला सोलवेगने विणलेला पांढरा स्वेटर घातला होता, बाह्या अजून वीतभर मोठ्या. पाद्रीणबाईंनी विचारलं, बाळाचं नाव काय, आणि बिन्ना म्हणाली, "सिगुर्दुर." सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सगळ्यांनी श्वास सोडला. पाणी पडल्यावर पोरगा ओरडला. ऑर्गनवाल्याने लगेच वाजवायला सुरुवात केली, बहुतेक त्याचं रडणं झाकायला, पण तो स्वतः पण डोळे पुसत होता, त्यामुळे दोन सूर चुकले.

नंतर सभागृहात कॉफी. बिन्नाने उभं राहून सांगितलं की हे नाव सोलवेगच्या मुलाचं, सिगुर्दुरचं. टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या, मोठ्याने. हात थांबू दिले नाहीत. मग पॅनकेकची थाळी घेऊन खिडकीशी जाऊन बसलो. थोड्या वेळाने सोलवेग काठी टेकत आली आणि शेजारी बसली. पोरगा तिच्याकडे होता. तिने तो माझ्या मांडीवर ठेवला.

"घे. तुझं आहे ते."

मी म्हटलं, काय माझं?

"तू पडलास ते मी पाहिलं. माझ्या स्वयंपाकघरातून धक्का दिसतो. बचाव पथकाला फोन लावत होते, तेवढ्यात तुझा हात शिडीला लागला. मग बिन्नाच्या दारात शिरलास. दुसऱ्याची पँट घालून बाहेर आलास."

माझ्या तोंडात पॅनकेक होता. तो न चावताच गिळला. मी विचारलं की मग तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं का.

"पहिल्या दिवसापासून. सांगणारच होते. पण त्या सोमवारी दुपारी कोरडा घरी आला, टोपी हातात घेऊन, आणि म्हणाला, सोलवेग, तुझा सिगुर्दुर कसा होता ग?" तिने काठी खुर्चीला टेकवली. "एक्कावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला त्रास होईल म्हणून. चांगलीच माणसं आहात तुम्ही सगळी. माझ्यासमोर त्याचं नाव निघालं की तुम्हाला बुडबुडे मोजायचे असतात. मी एकटीच म्हणायचे ते नाव, भांडी धुताना. या उन्हाळ्यात सगळ्यांनी विचारलं. काय खायचा, कुणावर जीव होता का, शीळ कशी घालायचा. रुबार्बचं तर मला माहीतच नव्हतं."

मी म्हटलं, सोलवेग, मला माफ कर, मी तुला सांगायला आलो होतो.

"माहीत आहे. म्हणून तर लोकर तुझ्या हातात अडकवली." मग पोराच्या स्वेटरची बाही दुमडत म्हणाली, "मला हवं होतं ते मिळालं. नाव तुझं. तू दारात उभा राहिलास, तुझं नाव ऐकून तिने ठेवलं. नामबंधू तुझा. पण तोंड उघडायचं नाही. लोकांना कळलं तर विचारायचे थांबतील."

मी थोडा विचार केला. म्हटलं, फक्त ऑर्गनवाल्याला सांगितलं तर? त्याच्याकडून कुठे जाणार नाही.

"त्याला तर मुळीच नाही."

मी पोराकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता, निदान माझ्या दिशेने. मी वाकून त्याला हाक मारली, नामबंधू, आणि या वेळी घेतल्यासारखं वाटलं नाही. मग त्याला बिन्नाकडे देऊन मी सभागृहाच्या संडासात गेलो, नळ मोठा सोडला आणि रडलो. सत्तर वर्षं उलटल्यावर माणसाला असं रडू येतं हे मला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर बिन्नाने काही न विचारता रुमाल दिला. म्हणाली, कांद्याचं काहीतरी होतं ना बाबा टेबलावर. टेबलावर कांदा नव्हता, पण मी हो म्हटलं.

२८ जुलै, सोमवार

१३८/८४. डॉक्टरीणबाईंना दाखवायला हवं.

सकाळी कुंडात सगळे होते. बारशाची चर्चा, पॅनकेक कमी पडले वगैरे. ऑर्गनवाला पाण्यात पाय पसरून म्हणाला, "झाले बाबा गावात दहा सिगुर्दुर. आणि आपल्या दीपस्तंभाच्या नावाचा अजून एकही नाही. घरात नातू झाला, नाव सुद्धा तेच ठेवलं, तरी ते दुसऱ्याचं. याला म्हणतात नशीब."

सगळे माझ्याकडे वळले. माझ्याकडून काहीतरी येणार याची वाट पाहत होते. दोनदा सिग्गीने तर कानातलं पाणी झटकून कान मोकळा केला.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. आयुष्यात इतकं चांगलं उत्तर माझ्याकडे कधी नव्हतं. समोर सोलवेग निळी टोपी घालून बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती, आकाशाकडे पाहत होती.

मी म्हटलं, "खरं आहे रे. एकही नाही."

मग तिला विचारलं, "सोलवेग, तुझ्या सिगुर्दुरला पोहायला कुणी शिकवलं ग?"

सगळे तिच्याकडे सरकले. तिने टोपी नीट केली आणि सांगायला सुरुवात केली.